कोणती पट्टी टिकणार?

[दृश्य: सांगली, विश्रामबाग. कॉलेजची प्रयोगशाळा. संगणकावर एका जनुकाचा डीएनए, म्हणजे ए, टी, जी, सी या अक्षरांची लांबलचक रांग.]

या रांगेतून सलग एकवीस अक्षरं निवडायची आहेत. नीट निवडली, तर पेशीतलं नेमकं एकच जनुक गप्प बसेल, म्हणजे त्याचं प्रथिन फारसं बनणार नाही.

दुपदरी आरएनए जनुकाला गप्प करतो, हे अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी 1998 मध्ये एका सूक्ष्म कृमीत दाखवलं. 2006 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण बाहेरून सोडलेला छोटा आरएनए थोड्याच दिवसांत विरतो. मग पेशीलाच डीएनएचा साचा द्यायचा आणि आरएनए तिच्याकडूनच घडवून घ्यायचा. तो केसातल्या आकड्यासारखा स्वतःवरच दुमडतो, म्हणून हेअरपिन.

[दृश्य: आकृती. आकड्याचं वळण तुटतं, दोन पट्ट्या सुट्या होतात.]

डायसर नावाचं विकर वळण छाटतं. उरलेल्या दोन पट्ट्यांपैकी एक आर्गोनॉट प्रथिनात बसते आणि तिच्याशी जुळणारा जनुकाचा संदेश त्याला दाखवते, म्हणजे तो तोडला जातो; दुसरी टाकून दिली जाते. सगळी आखणी इथेच तरते किंवा बुडते! नको ती पट्टी टिकली, तर आपलं जनुक बोलतच राहील. सहसा टिकते ती पट्टी, जिचं आरंभाचं, म्हणजे पाच-प्राइम, टोक जोडीला सैल बांधलेलं असतं. आरएनएत टीच्या जागी यू असतो. ए-यू जोडीत दोन हायड्रोजन बंध, जी-सी जोडीत तीन. म्हणून हव्या त्या पट्टीच्या आरंभी ए-यू ठेवायचे, दुसऱ्या टोकाला जी-सी.

जी-सीचं प्रमाण साधारण 30 ते 52 टक्के. सलग चार टी टाळायचे, कारण तिथे आरएनए पॉलिमरेज-3, म्हणजे साच्यावरून हेअरपिन लिहिणारं विकर, लिहिणं थांबवतं. पट्टीची दोन ते आठ क्रमांकांची अक्षरं इतर जनुकांशी ताडून पाहायची. तेवढ्याशा साम्यावरही भलतंच जनुक दबू शकतं.

“सर, हे आमच्या द्राक्षाच्या डाऊनी रोगावर चालेल?” तासगावची विद्यार्थिनी विचारते.

“अगं, पिकांसाठी सहसा लांब दुपदरी आरएनए घेतात. बटाट्यावरच्या कोलोराडो भुंगेऱ्यासाठी तशी फवारणी अमेरिकेत 2023 मध्ये मंजूर झाली. डाऊनीवर संशोधन चालू आहे.”

[दृश्य: पेशींच्या तबकड्या.]

एका हेअरपिनवर विसंबायचं नाही. त्याच जनुकासाठी निदान दोन वेगळे हेअरपिन हवेत, शिवाय अक्षरं विस्कटलेला एक, तुलनेसाठी. आणि मोजायचं ते दोन्ही: संदेशवाहक आरएनए आणि प्रथिन. संदेश तुटला तरी आधी तयार झालेलं प्रथिन कित्येकदा दिवसेंदिवस पेशीत काम करत राहतं.