बारा टिंबांची सहा कशी झाली

श्रोतेहो, नमस्कार. आज ब्रेल लिपीबद्दल बोलू.

पॅरिसच्या अंधशाळेत दोनशे वर्षांपूर्वी मुलं वाचायची ती जाड कागदावर उठवलेली नेहमीची रोमन अक्षरं. डोळसाला पटेल अशीच ही सोय. बोटाला मात्र प्रत्येक अक्षराची कड चाचपत बसावं लागे, आणि तसं लिहिणं तर मुलांच्या आवाक्याबाहेर.

1821 मध्ये शार्ल बार्बिए यांनी शाळेपुढे टिंबांची लिपी मांडली. 36 उच्चारांचा सहा बाय सहाचा तक्ता पाठ करायचा. डाव्या रांगेतली टिंबं मोजली की तक्त्यातली ओळ कळते, उजवीकडची मोजली की रकाना. म्हणजे वाचायचं की मोजत बसायचं? त्यात एका चिन्हात बारापर्यंत टिंबं. ती बोटाच्या पेराखाली मावेनात. शुद्धलेखनाला तर जागाच नव्हती.

याच शाळेतल्या लुई ब्रेलनं 1824 मध्ये, पंधराव्या वर्षी, बारांची सहा केली. डावीकडे वरून खाली 1, 2, 3. उजवीकडे 4, 5, 6. आता मोजणी नाही, बोट टेकलं की आकार कळतो. एकूण 63 चिन्हं. पहिली दहा अक्षरं वरच्या चार टिंबांत. पुढच्या दहांना तेच आकार, फक्त 3 नंबरचं टिंब जादा.

मराठीसाठी आपण 1951 पासूनचं भारती ब्रेल वापरतो. त्यात 'कि' लिहिताना आधी क, म्हणजे 1 आणि 3. मग इ, म्हणजे 2 आणि 4. वेलांटी उच्चाराच्या क्रमानं, नंतर येते.

खरी गंमत ब्रेल पाटीवर, म्हणजे एकेका चिन्हाची घरं असलेल्या चौकटीत कागद अडकवून, लिहिताना. कागद मागून टोचायचा, टिंब पुढे उठतं. म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे, आणि 1 नंबर उजव्या कोपऱ्यात. नवशिका दिशा बरोबर धरतो, पण घरातली टिंबं उलटवायला विसरतो. मग 1-3 चे 4-6 होतात, तो ख; 2-4 चे 1-5, तो ए. 'कि' लिहिलं आणि वाचताना 'खे'!

कागद दर चौरस मीटरला 140 ते 160 ग्रॅम वजनाचा घ्या. वहीच्या कागदाला टोच्यानं भोक पडतं. चुकलेलं टिंब दाबून बसवता येतं, पण खूण उरते आणि बोट तिथं अडखळतं. ब्रेल पुस्तकं कपाटात उभी ठेवा. एकावर एक रचली की खालच्या पुस्तकांतली टिंबं चपटी होतात.