लांबलेला शुक्रवार

रेडिओवर बातम्या चालू आहेत. वाचणाऱ्याचा आवाज नेहमीसारखाच, शांत, गंभीर. पण जरा कान देऊन ऐकलं तर मागून लहान मुलांचा खेळण्याचा आवाज येतोय. हो, मुलंच, रेडिओच्या स्टुडिओत! कारण त्या दिवशी शाळा बंद, पाळणाघरं बंद, घरी सांभाळायला कुणी नाही, मग बाबा कामावर येताना त्यांना सोबत घेऊनच आले.

तारीख २४ ऑक्टोबर १९७५, वार शुक्रवार, देश आइसलँड. तेव्हा तिथली अख्ख्या देशाची लोकसंख्या साधारण २ लाख २० हजार, आणि त्या दिवशी तिथल्या जवळजवळ ९० टक्के बायकांनी काम बंद ठेवलं. ऑफिसचं बंद, मासळीच्या कारखान्यातलं बंद, आणि ज्याचा कधी कुणाला पगार मिळत नाही ते घरातलंही बंद. स्वयंपाक नाही, भांडी नाहीत, मुलांचं आवरून देणं नाही.

खरं तर कल्पना होती संपाची. रेडस्टॉकिंग्ज नावाचा तिथल्या बायकांचा एक गट होता, त्यांनी ती मांडली. पण संप म्हटलं की बऱ्याच जणी बिचकायच्या, शिवाय संपावर गेली म्हणून मालक कामावरून काढू शकतो. मग शब्द बदलला, संपाऐवजी 'सुट्टी'. एका दिवसाची सुट्टी मागणाऱ्या बाईला नाही म्हणणं तेवढं सोपं नसतं. मला ही शब्दाची निवड फार हुशारीची वाटते, कारण त्यामुळे ज्या एरवी मोर्चाला कधीच आल्या नसत्या त्या आज्या, गृहिणी, शेतावरच्या बायका, सगळ्या आल्या.

राजधानी रेक्याविकच्या चौकात त्या दिवशी सुमारे २५ हजार बायका जमल्या. २ लाख २० हजारांच्या देशात २५ हजार! तेव्हा तिथल्या संसदेत ६० जागा होत्या आणि त्यात बायका किती, तर ३.

तिकडे शहरात काय झालं? बँकेत साहेब लोक काउंटरवर बसले. टेलिफोन सेवा कोलमडली, विमानं रद्द झाली. दुकानांतले सॉसेज संपले, कारण बापांना पटकन करता येण्यासारखं आणि मुलं खातील असं तेवढंच होतं. ऑफिसात जाताना बाप मंडळी मुलांना गप्प बसवायला रंगीत पेन्सिली आणि खाऊ घेऊन गेली.

इथे जरा थांबून एका घरात डोकावूया. हे घर माझ्या मनातलं आहे, पण तुम्हाला ते अनोळखी वाटणार नाही. सकाळचे साडेसात. बाप मुलाला तयार करतोय. एक मोजा सापडलाय, दुसरा कुठे आहे माहीत नाही. टोपी कुठल्या खणात असते माहीत नाही, खोकल्याचं औषध किती चमचे द्यायचं माहीत नाही, धाकटीला कुठल्या बुटाने टाच दुखते तेही माहीत नाही. वाईट माणूस नाहीये तो, मुलांवर जीव आहे त्याचा. पण ही माहिती घरात कुठेही लिहिलेली नाही, ती एकाच डोक्यात आहे आणि ते डोकं आज चौकात उभं आहे. घरकाम म्हटलं की आपण हातांनी केलेलं काम मोजतो, धुणं, पुसणं, रांधणं. पण काय संपत आलंय, कुणाची तपासणी कधी आहे, कुणाचा मूड का गेलाय हे सगळं चोवीस तास लक्षात ठेवणं हेही कामच आहे, आणि ते इतकं गुपचूप चालतं की करणारीलाही त्याला काम म्हणायला संकोच वाटतो.

हिशेबात हे का नाही? देशाचं उत्पन्न मोजायची आजची पद्धत ज्यातून आली, तो सायमन कुझ्नेट्स यांचा १९३४ चा अमेरिकन सिनेटसाठीचा रिपोर्ट, त्यात गृहिणींचं काम धरलं नव्हतं. १९४० च्या दशकात फिलिस डीन ही तरुण अर्थतज्ज्ञ आजच्या झांबिया आणि मलावीचा हिशेब मांडत होती, तिने म्हटलं की बायका सरपण आणतात, पाणी भरतात, रांधतात, हे मोजायला हवं. ते मान्य झालं नाही. परिणाम असा की मालकाने पगारी मोलकरणीशी लग्न केलं तर काम तेवढंच राहतं पण कागदावर देशाचं उत्पन्न कमी होतं, हे पिगू नावाच्या अर्थतज्ज्ञाने फार आधीच दाखवून दिलं होतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या रिपोर्टप्रमाणे जगात रोज १६४० कोटी तास बिनपगारी घरकाम आणि सांभाळ होतो, त्यातलं ७६ टक्के बायका करतात. रोज!

आइसलँडमधल्या पुरुषांनी त्या दिवसाला नाव दिलं, 'लांब शुक्रवार'. तिकडे गुड फ्रायडेलाही हेच म्हणतात.

त्या चौकात विग्दिस फिनबोगादोत्तिर नावाची एक बाई होती, नाटक कंपनी चालवणारी, घटस्फोटित, आई आणि तीन वर्षांच्या लेकीला घेऊन आलेली. पाच वर्षांनी, १९८० मध्ये, तीन पुरुष उमेदवारांना हरवून ती राष्ट्राध्यक्ष झाली, लोकांच्या मतांनी निवडून आलेली जगातली पहिली महिला राष्ट्राध्यक्ष, आणि १६ वर्षं त्या पदावर राहिली. १९७६ मध्ये समानतेचा कायदा आला होता. २०१८ पासून तर २५ किंवा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना आपण समान पगार देतो हे सिद्ध करून दाखवावं लागतं.

आणि तरीही २४ ऑक्टोबर २०२३ ला आइसलँडच्या बायका परत दिवसभर काम सोडून बाहेर पडल्या, घरचं आणि बाहेरचं, दोन्ही. तेव्हा स्त्री-पुरुष समानतेच्या जागतिक यादीत हा देश सलग १४ वर्षं पहिला होता. पंतप्रधान कात्रिन याकोब्सदोत्तिर याही त्या दिवशी कामावर गेल्या नाहीत. मोर्चाची घोषणा होती, "याला तुम्ही समानता म्हणता?"