जस्त कमी, की आत ओढलेलं?

नमस्कार, श्रोतेहो. परवा फोंड्यातल्या दवाखान्यात एका ओळखीच्या वहिनींनी पिशवीतून गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी काढून टेबलावर ठेवली. "डॉक्टर, कोविडपासून ही रोज एक घेतेय. जस्त असलं अंगात की सर्दी-ताप छातीत उतरत नाही म्हणतात."

म्हणतात, आणि ते अगदीच हवेतलं नाही. विषाणूशी झुंजणाऱ्या टी पेशी जस्ताशिवाय नीट तयार होत नाहीत. कोविडच्या पहिल्याच वर्षी चेन्नईत दाखल रुग्णांचं रक्त तपासलं, तेव्हा ज्यांच्यात जस्त कमी त्यांच्यात गुंतागुंत जास्त दिसली.

पण गोम इथेच आहे. अंगात दाह पेटला की यकृत रक्तातलं जस्त स्वतःकडे ओढून घेतं. मांडवीला ओहोटी लागली म्हणून कुणी नदी आटली म्हणत नाही. रक्ताच्या रिपोर्टवर मात्र आपण लगेच विश्वास ठेवतो. जस्त कमी म्हणून आजार बळावला, की आजार बळावला म्हणून जस्त कमी दिसलं? थोडं दोन्ही असावं, असं मला वाटतं. त्या एका आकड्यावरून ते सुटं करता येत नाही.

म्हणून औषध देऊनच पाहावं लागतं. अमेरिकेत घरी राहून बरे होणाऱ्या कोविड रुग्णांना दहा दिवस झिंक ग्लुकोनेट, म्हणजे जस्ताचीच गोळी, दिलं. लक्षणं काही लवकर ओसरली नाहीत, आणि उपयोग दिसेना म्हणून २०२० साली तो प्रयोग मध्येच थांबवला.

वहिनींची गोळी ५० मिलिग्रॅमची. आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे बाईला दिवसाला लागतं साधारण १३, पुरुषाला १७. ४० च्या वर महिनोन्‌महिने गेलं तर शरीरात तांबं शोषलं जात नाही. रक्त कमी होतं, पायांना मुंग्या येतात. जुलाब झालेल्या लहान मुलांना आम्ही जस्त देतो, पण तेही १४ दिवसच.

"मग खायचं काय?"

"कालवं. त्यांच्याइतकं जस्त दुसऱ्या कशातच नाही."

"भाव विचारलाय कधी बाजारात? आणि श्रावणात काय करू?"

मुगागाठी करा, मोड आलेल्या मुगाची, म्हटलं. कडधान्यातलं फायटेट जस्ताला धरून बसतं, मोड आले की ती पकड सैल होते. वर मूठभर काजू टाका.

"ते तर आम्ही चतुर्थीला करतोच," वहिनी म्हणाल्या, आणि पट्टी उचलायला विसरल्या.