दहिसर ते वापी: धंद्याला कोणतं राज्य सोयीचं?

(दृश्य: पहाटेचा दहिसर नाका. उत्तरेकडे निघालेले ट्रक.)

30 जून 2017 पर्यंत या नाक्यावर मालाचे ट्रक जकात भरायला थांबत. दुसऱ्या दिवशी जीएसटी लागू झाला आणि मुंबईची जकात संपली. उद्योजकांची एक जुनी सवयही त्याच दिवशी कालबाह्य झाली. तोवर राज्याराज्यांची तुलना म्हणजे मुख्यतः विक्रीकराची तुलना. मुंबईतले कितीतरी कारखाने दमण आणि सिल्वासाला गेले, त्यामागे करमाफीचं आकर्षण मोठं होतं. आज मालावरचा कर वसईत आणि वापीत सारखाच आहे. तरीही गुजरातबद्दल "तिकडे धंदा सोपा आहे" हे वाक्य अंधेरीच्या गाळ्यांत रोज ऐकू येतं. ते कितपत खरं, हे तपासायला हाच महामार्ग धरू: दहिसर, वसई, बोईसरचा फाटा, तलासरी, आच्छाड आणि पलीकडे उंबरगाव, भिलाड, वापी.

हाच रस्ता का? 1 मे 1960 पर्यंत या रस्त्याची दोन्ही टोकं एकाच मुंबई राज्यात होती. कूळकायदा 1948 चा, मुद्रांक कायदा 1958 चा. दोन्ही राज्यांनी संसार सुरू केला तो याच कायद्यांवर. औद्योगिक वसाहती उभारणारं महामंडळ, एमआयडीसी, 1962 साली उभं राहिलं, गुजरातची जीआयडीसीही त्याच साली. मूळ सारखं, महामार्ग सारखा. त्यामुळे नंतर पडलेला फरक इथे जितका स्वच्छ दिसतो तितका दुसरीकडे दिसत नाही.

(दृश्य: वर्तमानपत्रांतली क्रमवारीची कात्रणं.)

आधी क्रमवाऱ्यांचा हिशोब करून टाकू, कारण चर्चा तिथेच अडकते.

जागतिक बँकेच्या व्यवसायसुलभतेच्या यादीत भारत 142 व्या क्रमांकावरून 63 व्या क्रमांकावर आला, ते वर्ष 2019. पण त्या यादीसाठी भारतात मोजली जात होती फक्त दोन शहरं, दिल्ली आणि मुंबई. मुंबईचं वजन 47 टक्के, दिल्लीचं 53. बांधकाम परवानगीत देशाने जी मोठी झेप घेतली, ती या दोन शहरांच्या महापालिकांनी ऑनलाइन व्यवस्था सुधारल्यामुळे. सुधारणा खरी होती. पण वसईजवळच्या वालीवच्या गाळेवाल्याची परवानगी त्या मोजणीत कुठेच नव्हती. आकडेवारीत गैरप्रकार आढळल्यावर बँकेने 2021 मध्ये तो अहवालच बंद केला.

राज्यांची क्रमवारी केंद्र सरकार लावत असे. 2015 ला त्यात सुधारणांचे 98 मुद्दे होते. गुजरात पहिला, 71.14 टक्के. महाराष्ट्र आठवा, 49.43 टक्के. पुढच्या वर्षी मुद्दे 340 झाले, आंध्र आणि तेलंगणा संयुक्त पहिले, महाराष्ट्र दहावा. त्यानंतरच्या दोन्ही याद्यांत महाराष्ट्र तेरावा. 2020 मध्ये जाहीर झालेल्या यादीत उत्तर प्रदेश बाराव्यावरून थेट दुसरा आला आणि गुजरात दहाव्यावर घसरला.

दोन वर्षांत गुजरातचे कारखाने बिघडले होते का? नाही, मोजपट्टी बदलली होती. सुरुवातीला राज्यांनी सादर केलेल्या पुराव्यांवर गुण मिळत: आदेश काढला का, पोर्टल सुरू केलं का. नंतर वापरणाऱ्यांचा अभिप्राय त्यात आला आणि पुढे सगळे गुण अभिप्रायावर गेले. त्यानंतर केंद्राने क्रमांक देणंच थांबवलं आणि राज्यांचे गट केले. आमच्या मते हा निर्णय योग्य होता. तेराव्या क्रमांकाचा महाराष्ट्र परकीय गुंतवणुकीत मात्र बहुतेक वर्षी देशात पहिला असतो. तो आकडाही जपून वापरावा. ऑक्टोबर 2019 पर्यंत ही नोंद रिझर्व्ह बँकेच्या प्रादेशिक कार्यालयानुसार होत असे, राज्यानुसार नाही. आणि मुख्यालय नरिमन पॉइंटला, कारखाना दुसऱ्याच राज्यात, अशा कंपन्या मुंबईत भरपूर आहेत.

(दृश्य: वालीव. गाळ्यांची रांग, सीएनसी मशीन चालू.)

आता तुलना आपल्या मापाची करू. उदाहरण घेऊ 16 कामगारांच्या सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या मशीनवरच्या) जॉबवर्कच्या युनिटचं.

कंपनीची नोंदणी, पॅन, जीएसटी, उद्यम नोंदणी हे सगळं केंद्राचं. ईएसआयमध्ये (कामगार विम्यात) मालकाचे 3.25 टक्के आणि कामगाराचे 0.75 टक्के, हेही देशभर एकच. यात कोणतंही राज्य स्वस्त नाही, त्यामुळे तुलनेच्या कागदावर हे लिहूच नका.

फरक सुरू होतो जागेपासून. खाजगी गाळा घेताना भाव विचारण्याआधी दोन कागद मागा: बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र. भोगवटा नसेल तर अग्निशमनचा ना हरकत दाखला अडतो, तो अडला की पुढचे परवाने अडतात, आणि बँक तारण म्हणून तो गाळा घेत नाही. वसई-भिवंडीच्या पट्ट्यात स्वस्त दिसणारा गाळा इथेच महाग पडतो.

एमआयडीसीचा भूखंड घेतला तर महामंडळ स्वतःच नियोजन प्राधिकरण असतं. नकाशा मंजुरी, पाणी, अग्निशमन, सगळं एका छत्राखाली, ही मोठी सोय. भाडेपट्टा 95 वर्षांचा. जीआयडीसीत तो 99 वर्षांचा, म्हणजे इथे फारसा फरक नाही. गल्लत होते ती बांधकामाच्या मुदतीत. ताबा घेतला, मशीनचं कर्ज लांबलं, मुदत उलटली, की मुदतवाढीचं शुल्क लागतं. बांधकाम पूर्णत्वाचा दाखला नसेल तर पुढे विकायलाही अडचण. म्हणून कर्जमंजुरीचं पत्र हातात आल्यावरच ताब्याची तारीख घ्यावी.

मुद्रांक शुल्काचं गणित सरळ आहे. मुंबईत 1 कोटीच्या खरेदीवर 6 टक्के, म्हणजे 6 लाख, आणि नोंदणी फी जास्तीत जास्त 30 हजार. एकूण 6 लाख 30 हजार. गुजरातेत 4.9 टक्के मुद्रांक आणि 1 टक्का नोंदणी, एकूण 5 लाख 90 हजार. गुजरातची नोंदणी फी मात्र किमतीबरोबर वाढत जाते.

(दृश्य: तारापूर औद्योगिक वसाहत, सांडपाण्याचे चेंबर.)

प्रदूषण मंडळाची संमती दोनदा लागते, उभारणीआधी एकदा आणि उत्पादनाआधी एकदा. केंद्रीय मंडळाने उद्योगांना रंग दिले आहेत: लाल (सर्वांत प्रदूषक), नारिंगी, हिरवा, पांढरा, आणि 2025 पासून निळाही. नुसतं टर्निंग-मिलिंग, म्हणजे धातू कापून आकार देणं, असेल तर काम हलकं असतं. त्याच गाळ्यात प्लेटिंगची (धातूवर मुलामा चढवण्याची) एक टाकी बसवली की युनिट लाल वर्गात जातं. हे अर्ज करताना लक्षात आलं नाही तर सगळी प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून.

1974 च्या जल कायद्यात तरतूद आहे की चार महिन्यांत निर्णय झाला नाही तर संमती मिळाली असं मानावं. पण हे घड्याळ पूर्ण अर्जावर चालतं. अठ्ठाविसाव्या दिवशी एक त्रुटी निघते, ती भरली की दुसरी. "त्रुटीपूर्तता" हा शब्द सायनच्या प्रदूषण मंडळात, एमआयडीसीच्या मरोळच्या उद्योग सारथी कार्यालयात आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात, तिन्हीकडे सारखाच परिचयाचा आहे. राज्याची खरी परीक्षा इथे होते: सगळ्या त्रुटी एकाच वेळी लेखी कळवण्याचं बंधन आहे का, आणि ते न पाळणाऱ्याचं काय होतं? तेलंगणाने 2014 च्या कायद्यात उत्तर दिलं. मोठ्या प्रकल्पांना 15 दिवस, बाकीच्यांना 30 दिवस, आणि उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला 1,000 रुपये दंड. रक्कम लहान आहे, पण उशिराला एक नाव चिकटतं. महाराष्ट्राने 2023 मध्ये परवानग्यांच्या 'मैत्री' या एक खिडकी व्यवस्थेला कायद्याचा आधार दिला. हे आधीच व्हायला हवं होतं.

राजस्थान आणि गुजरातने 2019 मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं. लघुउद्योगाने घोषणापत्र भरायचं, पोच घ्यायची आणि पहिली काही वर्षं (2019 च्या कायद्यात तीन) राज्याच्या परवानग्यांशिवाय काम सुरू ठेवायचं. इथे एक चूक वारंवार होते. ही सूट राज्याच्या कायद्यांपुरती आहे. जल कायदा केंद्राचा, त्याची संमती पहिल्या दिवसापासून लागते. पोच मिळाली म्हणून मशीन सुरू केलं, तर मंडळाची नोटीस येतेच.

आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना एक सामाईक दुखणं आहे. 2009 च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात वापी 88.09 वर होती, देशात दुसरी. 2018 ला तारापूर 93.69 वर, देशात सर्वांत वाईट. सामुदायिक सांडपाणी शुद्धीकरण केंद्राची क्षमता संपली की नव्या उद्योगाची संमती थांबते, मग पोर्टल कितीही चांगलं असो. सांडपाणी सोडणारं युनिट असेल तर भूखंडाचा दर नंतर विचारा, आधी सांडपाणी केंद्रात जागा शिल्लक आहे का ते विचारा. या गावांनी काळं पाणी वर्षानुवर्षं सोसलं आहे. ढिली तपासणी म्हणजे सोय, असं मानणाऱ्या कोणत्याही तुलनेत आम्हाला भाग घ्यायचा नाही.

(दृश्य: वीजबिलाचा जवळून फोटो, बोट ओळीओळीवरून फिरतंय.)

विजेवर सर्वांत जास्त वेळ द्या. फसगतही इथेच सर्वाधिक होते. लोक दर विचारतात: "युनिटला किती?" पण औद्योगिक बिलात ऊर्जा आकाराबरोबर मागणी आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क असतं. एका राज्यात एखादी गोष्ट ऊर्जा आकारातच मिसळलेली असते, दुसऱ्यात ती वेगळ्या ओळीत. म्हणून त्याच भागातल्या, तुमच्याएवढाच मंजूर भार असलेल्या चालू युनिटची सलग 12 बिलं मिळवा. एकूण रक्कम भागिले एकूण युनिटं. येईल तो खरा दर.

दुसरी गोष्ट मोजण्याच्या एककाची. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना एप्रिल 2020 पासून केव्हीएएच वर, म्हणजे पॉवर फॅक्टर धरून मोजलेल्या युनिटांवर, बिल येतं. पॉवर फॅक्टर म्हणजे घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामाला लागलेला वाटा; तो 0.90 असेल तर मशीनने वापरलेल्या 100 युनिटांचं बिल 111 युनिटांचं होतं. चांगलं कपॅसिटर पॅनेल लावून तो 0.98 केला तर 102. शंभरामागे नऊ युनिटांचा हा फरक राज्य न बदलता वाचतो. समोरच्या राज्यातलं बिल कोणत्या एककावर आहे हे न पाहता दोन दरांची तुलना करू नका.

महाराष्ट्रात उद्योगाची वीज महाग पडते, त्याचं एक मोठं कारण क्रॉस सबसिडी. शेतीपंपाला पुरवठ्याच्या खर्चापेक्षा स्वस्त वीज, आणि ती तूट उद्योग-व्यापाराच्या दरातून. आधार शेतकऱ्याला मिळायलाच हवा, पण तो अर्थसंकल्पातून उघडपणे मिळावा. शेजारच्या कारखान्याच्या बिलात लपवून नको.

(दृश्य: टेम्पोतून माल उतरवणारे कामगार.)

कामगार कायद्यांतला फरक आता पूर्वीइतका राहिलेला नाही. 1948 चा कारखाना कायदा लागू होण्याची मर्यादा होती विजेवर 10 कामगार, विजेशिवाय 20. राजस्थानने 2014 मध्ये ती 20 आणि 40 केली, महाराष्ट्रानेही तेच केलं, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये कामगार संहिता लागू झाल्यावर देशभर तोच आकडा आला. व्यवसाय कर महाराष्ट्रात आहे, गुजरातमध्ये आहे, उत्तर प्रदेश आणि हरियाणात नाही. पण संविधानाने त्याला माणशी वर्षाला 2,500 रुपयांची मर्यादा घातली आहे. त्यासाठी कोणी राज्य सोडत नाही.

महाराष्ट्राची वेगळी गोष्ट म्हणजे 1969 चा माथाडी कायदा. डोक्यावर-पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसाला त्याने मंडळ दिलं, भविष्यनिर्वाह निधी दिला, औषधपाणी दिलं. नवी मुंबईच्या बाजार समितीतल्या माथाड्यांची घरं या कायद्याने उभी राहिली आहेत. उद्योजकाला त्रास होतो तो कायद्याच्या नावाने फाटकावर येऊन पैसे मागणाऱ्यांचा. मजुरी आणि लेव्ही (मजुरीवरची ठरलेली आकारणी) माथाडी मंडळाकडेच भरा, फाटकावर रोख देऊ नका. एकदा दिलेली रोख दर महिन्याला मागितली जाते.

अनुदानाबद्दल एवढंच. महाराष्ट्राची प्रोत्साहन योजना 1964 पासून आहे. तालुक्यांचे गट आहेत, विकसित भाग 'अ' मध्ये आणि सर्वांत मागास भाग 'ड अधिक' मध्ये. भाग जितका मागास, तितका परतावा मोठा. पण मंजूर झालेली रक्कम आणि खात्यात आलेली रक्कम यांत बराच काळ जाऊ शकतो. कर्जाचा हप्ता अनुदानाच्या भरवशावर बसवू नका. अनुदानाशिवाय जो प्रकल्प चालत नाही, तो अनुदान आल्यावरही फार दिवस चालत नाही.

आणि दिलेला शब्द टिकतो का? 2020 मध्ये जाहीर झालेल्या यादीत पहिल्या आलेल्या आंध्र प्रदेशने 2019 मध्ये पवन आणि सौर वीज खरेदीचे आधीच्या सरकारने केलेले करार पुन्हा उघडले. उच्च न्यायालयाने मार्च 2022 मध्ये ते फेटाळलं, पण मधली वर्षं उत्पादकांनी थकलेल्या बिलांवर काढली. क्रमवारीच्या शेकडो मुद्द्यांत या धक्क्यासाठी रकाना नव्हता.

(दृश्य: आच्छाडची सीमा, मग परतीचा रस्ता.)

आच्छाड ओलांडताना एक बारीक नियम. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात 1 लाखापर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही. सीमेपलीकडे जायचं तर ही मर्यादा 50 हजार. 60 हजारांचा माल वसईहून बोईसरला बिलाशिवाय जातो, उंबरगावला नाही.

वापीत भरलेला निर्यातीचा कंटेनर न्हावा शेवा बंदराला जायला निघाला की पुन्हा याच रस्त्यावर येतो. वसई खाडीवरचा नवा वर्सोवा पूल 2023 मध्ये सुरू झाला, तिथली कोंडी कमी झाली. पुढे घोडबंदरला वळल्यावर गायमुखचा घाट आहे. खड्डा पडला किंवा दुरुस्ती निघाली की रांग लागते, आणि अवजड वाहनांना शहरात शिरायच्या वेळा ठरलेल्या. रात्रीची वेळ चुकली तर जहाजाची कटऑफ (माल पोचवण्याची शेवटची वेळ) चुकते. या रांगेत जीजे 15 च्या पाट्या आहेत आणि एमएच 48 च्याही. इंजिन बंद करून चालक केबिनमधून खाली उतरलेत.