वितेब्स्कची हिरवी गाय

[दृश्य: द्विना नदी, विटांच्या जुन्या इमारती. भिंतींवर हळूहळू रंगीत आकार उमटू लागतात.]

१९२० साल. रशियात यादवी पेटलेली. लष्करी गाडीतून चाललेला २२ वर्षांचा एक तरुण आजच्या बेलारूसमधल्या वितेब्स्क नावाच्या गावात उतरतो आणि बघतच राहतो. गाव तसं चारचौघांसारखंच, लाल विटांचं, काजळी धरलेलं. पण मुख्य रस्त्यांवर त्या विटांना पांढरा रंग फासलाय आणि पांढऱ्यावर हिरवी वर्तुळं, नारिंगी चौकोन, निळे आयत. या तरुणाचं नाव सर्गेई आइझेनस्टाइन. चित्रपट-दिग्दर्शक म्हणून तो गाजला पुढे. वितेब्स्कच्या त्या भिंती मात्र त्यानं आठवणीत लिहून ठेवल्या.

पोटाला पुरेसं नाही, जाळायला लाकूड नाही, आणि भिंतींवर हे काय चाललंय?

[दृश्य: शागालची चित्रं, गावावरून उडणारं जोडपं.]

याची सुरुवात चित्रकार मार्क शागालपासून होते. तो इथलाच, गरीब ज्यू घरातला. बाप खारवलेल्या मासळीच्या वखारीत राबायचा. पॅरिसमध्ये चार वर्षं काढून शागाल १९१४ मध्ये घरी आला आणि महायुद्धामुळे अडकला. झारच्या राज्यात ज्यू माणसाला हवं तिथं राहायचीही मुभा नव्हती. १९१७ मध्ये ती बंधनं गेली. पुढच्याच वर्षी नव्या सरकारचे शिक्षणमंत्री लुनाचार्स्की यांनी या चित्रकाराला वितेब्स्कचा कला-कमिसार, म्हणजे कलेचा सरकारी अधिकारी, नेमलं.

ऑक्टोबर १९१७ च्या बोल्शेविक क्रांतीचा पहिला वाढदिवस आला. शागालनं गावातल्या रंगाऱ्यांना हाताशी धरलं आणि आपली चित्रं मोठमोठ्या कापडांवर उतरवून घेतली. रस्तोरस्ती हिरव्या गाई, आभाळात उडणारे घोडे. पुढाऱ्यांनी विचारलं, गाय हिरवी कशाला? घोडा उडतो कशाला? मार्क्स आणि लेनिनशी याचा संबंध काय? हा प्रसंग शागालनं स्वतःच आत्मचरित्रात सांगितलाय, तेव्हा थोडं तिखटमीठ धरून चाला.

जानेवारी १९१९ मध्ये एका बँकरच्या जप्त केलेल्या हवेलीत त्यानं लोककलाशाळा उघडली. शिकवायला आपले जुने गुरू यूरी पेन यांना घेतलं. वेरा येर्मोलायेवा आली, एल लिसित्स्की आला, दोघंही चित्रकार. आणि नोव्हेंबरमध्ये लिसित्स्की मॉस्कोहून एका माणसाला घेऊन आला. काझिमिर मालेविच.

[दृश्य: ‘काळा चौकोन’. पडदा पूर्ण भरेपर्यंत जवळ जात राहा.]

पांढऱ्या कॅनव्हासवर एक काळा चौकोन. लांबी-रुंदी ८० सेंटिमीटरही नाही. १९१५ च्या डिसेंबरात पेत्रोग्रादच्या (आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या) प्रदर्शनात मालेविचनं हे चित्र वर कोपऱ्यात टांगलं होतं, रशियन घरात देवाच्या तसबिरी जिथं लावतात तिथं. चित्रात वस्तू हवीच कशाला, असा त्याचा सवाल. नुसता आकार, नुसता रंग. या मताला त्यानं नाव दिलं सुप्रीमॅटिझम.

मॉस्कोतल्या थंडीला आणि उपासमारीला कंटाळून तो वितेब्स्कला आला होता. बोलायला लागला की समोरचा भारला जायचा. काही महिन्यांत विद्यार्थी त्याच्या मागे गेले. फेब्रुवारी १९२० मध्ये ‘उनोविस’ हा गट उभा राहिला; ‘नव्या कलेचे पुरस्कर्ते’ या अर्थाच्या रशियन शब्दांचं हे लघुरूप. पोरं बाहीवर काळा चौकोन शिवून हिंडू लागली. मालेविचला मुलगी झाली, तिचं नावही ठेवलं उना! भिंती, फलक, व्यासपीठं, सगळीकडे हेच आकार. लिसित्स्कीचं प्रसिद्ध पोस्टर याच दिवसांतलं: पांढऱ्या वर्तुळात घुसलेली लाल पाचर. पांढरं वर्तुळ म्हणजे क्रांतिविरोधी सेना. ‘पाचर मारणे’ हा वाक्प्रचार आपल्याला माहीत असल्यानं ते पोस्टर मराठी माणसाला समजावून सांगावं लागू नये.

शागालच्या चित्रात गाय हिरवी असे, पण असे. मालेविचच्या चित्रात गायीला जागाच नव्हती. शागालचा वर्ग रिकामा झाला. जूनमध्ये बायको-मुलीला घेऊन त्यानं गाव सोडलं. त्याच्या पायाखालचं जाजम ओढलं ते कम्युनिस्ट पक्षानं नव्हे, त्यानंच बोलावलेल्या चित्रकारांनी. पक्षाची पाळी नंतर आली.

[दृश्य: शाळेची इमारत. बर्फ.]

१९२२ मध्ये मालेविचही काही विद्यार्थ्यांसह पेत्रोग्रादला गेला. १९३० मध्ये अटक, चौकशी, काही महिन्यांची कोठडी. १९३२ च्या फर्मानानं कलावंतांचे सगळे स्वतंत्र गट मोडीत निघाले. मालेविच पुन्हा माणसांची चित्रं काढू लागला. त्यातल्या काहींवर सहीच्या जागी एक बारीकसा काळा चौकोन असतो. १९३५ मध्ये तो गेला, तेव्हा शवपेटी नेणाऱ्या गाडीच्या तोंडावर तोच चौकोन होता.

येर्मोलायेवाचे पाय लहानपणीच अधू झालेले, ती कुबड्यांवर चालायची. १९३४ मध्ये तिला अटक झाली. १९३७ मध्ये कारागांडाच्या छावणीत तिला गोळी घातली. त्याच वर्षी वितेब्स्कमध्ये यूरी पेन यांचा त्यांच्या घरात खून झाला.

[दृश्य: मॉस्को, ज्यू रंगभूमीसाठीची भित्तिचित्रं.]

शागाल परदेशात जगला, म्हातारा झाला. १९७३ मध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी, तो मॉस्को आणि लेनिनग्राडला (म्हणजे पूर्वीच्या पेत्रोग्रादला) येऊन गेला. वितेब्स्कला गेला नाही. मॉस्कोत त्याच्यापुढे ज्यू रंगभूमीसाठीची, कॅनव्हासवरची जुनी भित्तिचित्रं उलगडली गेली, वितेब्स्क सोडल्या सोडल्या काढलेली, आणि त्यानं त्यांवर सही केली. सर्वांत मोठ्या चित्रात वादक आहेत, डोंबारी आहेत, शागालची नेहमीची जनावरं आहेत. आता त्यांच्या मागे पाहा. तिरके पट्टे, मोठाली वर्तुळं. मालेविचचे.