दोन गच्च्या

(पहाट. मंगळवार पेठेतली कौलं. तालमीचं दार.)

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली पोरं आज तालमीतून बाहेर येऊन वर बघत उभी आहेत. समोरच्या तीन मजली इमारतीवर रात्रीत मोबाइल मनोऱ्याचं लोखंड चढलंय. दोर, कप्पी आणि चार माणसं. हे चित्रण शेजारच्या खिडकीतून मोबाइलवर झालंय, म्हणून हलतंय.

(गच्ची. जुन्या साडीवर सांडगी मिरच्या.)

रस्त्याअलीकडची ही गच्ची. आजी मिरच्या उलटतायत, एकेक, देठाला धरून. पलीकडं, बरोबर त्यांच्या डोक्याच्या उंचीला, नवे अँटेना. आजींचं म्हणणं एवढंच: "आमाला इचारलं काय कुणी?"

टोल घालवलेलं गाव हे. मनोऱ्याविरुद्धच्या सह्यांचा कागद दुपारपर्यंत भरला. कॅन्सर, चिमण्या, डोकेदुखी, सगळं एका दमात लिहिलंय. 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं मोबाइलच्या या रेडिओ लहरी '2 ब' गटात टाकल्या. म्हणजे शक्यता आहे, पण पुरावा तोकडा. कागदावर फक्त शक्यता आली. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे, ते कुणी लिहीत नाही. 2024 मध्ये संघटनेनंच करवून घेतलेल्या आढाव्यात 63 अभ्यास तपासले गेले. मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध दिसला नाही.

(पावतीबुक. दहा-दहाच्या नोटा.)

भारतानं 1 सप्टेंबर 2012 पासून मनोऱ्यांच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर आणली. 2 गिगाहर्ट्‌झच्या वरच्या लहरींना चौरस मीटरमागे 1 वॅट. ती पाळल्याचा दाखला मात्र कंपनी स्वतःच देते, आणि दूरसंचार खातं त्यातले थोडेच मनोरे जाऊन बघतं. सरकारच्या 'तरंग संचार' संकेतस्थळावर 4000 रुपये भरले, की मोजणी मागता येते. पेठेनं वर्गणी काढली, गणपतीच्याच पावतीबुकावर.

(तिपाई. मीटर. मागं मिरच्या.)

अँटेनाचा झोत बॅटरीसारखा पुढं जातो, किंचित खाली कललेला. ज्या इमारतीवर मनोरा, तिच्या पोटात तो कमी पडतो; समोरच्या, त्याच उंचीच्या गच्चीवर जास्त. म्हणून तिपाई आजींच्या मिरच्यांशेजारी. मोजणारे आधी सगळ्यांचे मोबाइल खाली ठेवून यायला सांगतात, नाहीतर मीटर त्यांचंच मोजेल. रेंज कमी असली की कानाशी धरलेला फोन उलट जास्त जोर लावतो. तालमीतल्या पोरांना हे नवीन होतं. दोघं खिशातला फोन चाचपतायत, बघा.

आकडा मर्यादेच्या बराच खाली आला. परवानगीचा कागद मागितलाय, अजून हातात नाही.

(आजी मीटरकडं वाकून बघतात.)

"हे बसवायच्या आदी आणायचं हुतं की."

(साडीची चार टोकं एकत्र येतात. मिरच्या आत.)