दोन ओढे, एक घोळ आणि टायबरचं खोरं

नमस्कार मंडळी! टायबर म्हटलं की रोम आठवतं. आज मात्र आपण जाणार आहोत पार वर, तिच्या उगमाकडच्या खोऱ्यात. ही नदी फुमायोलो डोंगरात उगम पावते. पूर्वी हा उगम तोस्काना प्रांतात होता. 1923 मध्ये मुसोलिनीनं हद्द सरकवून तो स्वतःच्या फोर्ली जिल्ह्यात घेतला. नदी जागच्या जागी, नकाशा तेवढा हलला!

पण हद्दीचा खरा घोळ त्याच्याही पाचशे वर्षं आधीचा. 1440 च्या सुमारास पोपनं कर्जापोटी सान्सेपोल्क्रो गाव फ्लॉरेन्सला दिलं. नवी हद्द ठरली ‘रिओ’. रिओ म्हणजे नुसता ओढा. आणि तिथं ओढे होते दोन, दोन्ही रिओच! प्रत्येकानं आपल्या बाजूचा धरला. मधली अर्धा किलोमीटर रुंदीची पट्टी कुणाच्याच सातबाऱ्यावर नाही.

त्या पट्टीत होतं कोस्पाया गाव. गावकरी हुशार. म्हणाले, आम्ही स्वतंत्र! ना कर, ना फौज, ना तुरुंग. चर्चच्या दारावर लॅटिनमध्ये कोरलंय, ‘कायमचं आणि पक्कं स्वातंत्र्य’. हे चाललं 1826 पर्यंत!

पोट कशावर भरायचं? तंबाखूवर. (काहींचे कान टवकारले असणार.) शेजारी राज्यांत तंबाखूवर बंधनं, इथं मोकळं रान. मग चोरटा व्यापारही आलाच. शेवटी शेजारच्या दोन्ही राज्यांनी गाव वाटून घेतलं, तेव्हा गावकऱ्यांना चांदीचं एकेक नाणं आणि तंबाखू लावायची परवानगी मिळाली. सौदा मला तरी स्वस्तातला वाटतो.

तंबाखू मग खोऱ्यात मुरलीच. चित्ता दि कास्तेल्लोमध्ये ती वाळवायच्या अवाढव्य शेड होत्या. आज तिथं त्याच गावच्या आल्बेर्तो बुर्री या चित्रकाराची प्रचंड चित्रं लावलीत.

आता थोडं खाली, मोंतोने गावी. 10 जुलै 1944, दुसरं महायुद्ध. याच वरच्या खोऱ्यात लढत होते आपल्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे, वय 22. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे पडले. ते एकटे धावून गेले. ग्रेनेड टाकून गन बंद पाडली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदुकीच्या दस्त्यानं दोघांना लोळवलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण त्यांची कबर सापडलेली नाही. मोंतोनेत 2023 मध्ये त्यांच्या नावानं एक सूर्यघड्याळ उभं राहिलं. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय, ‘आपण सारे एकाच सूर्याखाली’.